खोल, थंड पाण्यातून वर येताना

1927 सालच्या 6 डिसेंबरची रात्र. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या लेक सुपीरियरमध्ये वादळ पेटले होते. नावाला सरोवर, पण महाराष्ट्राचा चौथा हिस्सा सहज झाकून टाकेल एवढे त्याचे पाणी. त्या पाण्यातून 'कॅमलूप्स' नावाची मालवाहू आगबोट कॅनडाच्या किनाऱ्याकडे निघाली होती. तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बांधलेली, सुमारे 76 मीटर लांबीची. पुढे 'क्वेडॉक' नावाचे दुसरे जहाज होते. क्वेडॉकवरच्या लोकांना अचानक समोर आयल रॉयल या बेटाचा काळा खडक दिसला. त्यांनी जहाज वळवले, मागच्यांना सावध करण्यासाठी भोंगा वाजवला. मागून उत्तर आले नाही. त्यानंतर कॅमलूप्स कोणालाही दिसली नाही.

पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर बेटाच्या किनाऱ्यावर काही खलाशांची प्रेते सापडली. म्हणजे बुडत्या जहाजातून काही जण होडीने किनाऱ्याला लागले होते आणि मग उघड्यावर गारठून मेले होते. त्यांत ॲलिस बेट्रिज नावाची एक तरुण मुलगीही होती. ती जहाजावर खानपानाच्या कामाला होती. 1928 सालच्या अखेरीस कॅनडाच्या किनाऱ्यावर एका शिकाऱ्याला तिची बाटलीबंद चिठ्ठी मिळाली. आपण एकटीच उरलो आहोत, थंडीने आणि भुकेने मरतो आहोत, हे आईवडिलांना कळावे, एवढेच तिने लिहिले होते.

जहाज मात्र सापडले नाही. तब्बल पन्नास वर्षांनी, 1977 च्या ऑगस्टमध्ये, हौशी पाणबुड्यांच्या एका गटाला बेटाच्या उत्तरेला ते दिसले. उजव्या कुशीवर आडवे, उतारावर टेकलेले. मागचा भाग पृष्ठभागापासून साधारण 55 मीटरवर, पुढचा 80 मीटरच्या आसपास. सोबत सगळा माल: कागद गिरणीची यंत्रे, कुंपणाची तार, बूट, आणि लाइफ सेव्हर्स नावाच्या चघळायच्या गोळ्या. अर्धशतक पाण्याखाली राहूनही त्यातले पुष्कळसे ओळखू येत होते. इंजिनाच्या खोलीत एक माणूसही होता.

या माणसाविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण वैद्यकीय दृष्टीने त्याची गोष्ट साधी नाही. एरवी बुडालेले शरीर काही दिवसांनी वर येते. आतड्यांतले जिवाणू वायू तयार करतात, शरीर फुगते आणि तरंगते. लेक सुपीरियरच्या तळाशी पाणी बारा महिने चार अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड होते, म्हणून ते खाली बसते आणि तिथेच राहते. या तापमानाला जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. वायू तयार होत नाही, शरीर वर येत नाही. ओलावा आहे, ऑक्सिजन तुटपुंजा आहे, अशा ठिकाणी शरीरातल्या चरबीचे सावकाश विघटन होऊन पांढरट, मेणासारखा पदार्थ तयार होतो. न्यायवैद्यक शास्त्रात त्याला ॲडिपोसीअर म्हणतात. साबण तयार होताना चरबीचे जे होते, त्याच्याशी या क्रियेचे नाते आहे. एकदा हा थर तयार झाला की पुढची कुज आणखी मंदावते. जहाजातला तो माणूस असा पांढरा होऊन राहिला आहे. पाणबुड्यांनी त्याला एक गमतीचे टोपणनावही दिले आहे. मला ते इथे लिहावेसे वाटत नाही. तो कोणाचा तरी मुलगा होता, आणि ती खोली म्हणजे त्याची कबर आहे.

ज्या थंडीने हे जहाज आणि तो माणूस टिकवून ठेवला, तीच थंडी त्यांना पाहायला जाणाऱ्या जिवंत माणसाच्या मुळावर येते. आणि गंमत अशी की तिचा खरा घाव तळाशी बसत नाही. तो बसतो परतीच्या वाटेवर.

तारकर्लीला किंवा गोव्यात ज्यांनी स्कुबा डायव्हिंग केले आहे त्यांना दाबाची तोंडओळख असेल. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पर्यटकांना नेतात त्या आठ-दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. कान दडे बसल्यासारखे होतात, नाक चिमटीत धरून हवा फुंकली की सुटतात. कॅमलूप्सच्या पुढच्या भागाजवळ हाच दाब नऊपट असतो. पाणबुड्याच्या तोंडातला रेग्युलेटर त्याला भोवतीच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, नाहीतर छाती फुलवताच येणार नाही. म्हणजे तिथे घेतलेल्या एका श्वासात जमिनीवरच्या नऊ श्वासांएवढी हवा असते.

साधी हवा इथे दोन्ही बाजूंनी दगा देते. तिच्यातला नायट्रोजन दाबाखाली मेंदूवर गुंगीच्या औषधासारखा काम करू लागतो. तीस मीटरपासून त्याची चाहूल लागते; साठ-सत्तर मीटरवर शहाणा माणूस सिलिंडरचा काटा बघतो, आकडा वाचतो आणि त्याचा अर्थ लावायला विसरतो. दुसरा धोका ऑक्सिजनचा. आपण प्राणवायू म्हणतो त्याला, पण त्याचा दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तो मज्जासंस्थेला विषारी ठरतो. हवेतला ऑक्सिजन ही मर्यादा साधारण 66 मीटरवर गाठतो. त्यापुढे कसलीही पूर्वसूचना न देता फिट येऊ शकते. जमिनीवर फिट आली तर माणूस बहुधा वाचतो. पाण्याखाली तोंडातली नळी सुटते आणि तो बुडतो.

म्हणून आजचे पाणबुडे एवढ्या खोलीवर हवा नेतच नाहीत. ते ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण वापरतात. समजा ऑक्सिजन 15 टक्के, हेलियम 55 टक्के आणि उरलेला नायट्रोजन, असे मिश्रण घेतले, तर 80 मीटरवरची गुंगी हवा घेऊन 24 मीटरवर गेल्याएवढीच राहते. शिवाय हेलियम विरळ असल्याने श्वास ओढायला जड जात नाही. खोलीवर दाट वायू ओढताना फुप्फुसे दमतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्याने धाप, घबराट, डोकेदुखी सुरू होते. अनुभवी माणसांच्या अपघातांतही हा साठलेला वायू पुष्कळदा कारण असतो, असे या क्षेत्रातले डॉक्टर मानतात.

हेलियमचा एक दुर्गुण आहे: तो उष्णता भराभर वाहून नेतो, हवेच्या सुमारे सहापट. आता पाण्याचा हिशेब पाहा. पाणी उष्णता वाहून नेते ते हवेच्या जवळजवळ पंचवीसपट. चार अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून चहा पीत बसू शकतो, तेवढ्याच थंड पाण्यात उघडा माणूस काही मिनिटांत बोटे गमावतो. म्हणजे बोटे असतात, पण आज्ञा पाळत नाहीत. म्हणून इथले पाणबुडे कोरडा पोशाख, ड्रायसूट घालतात. आत जाड लोकर किंवा तत्सम अस्तर, आणि त्यात भरलेला वायू हीच खरी दुलई. ती फुगवायला श्वासाच्या सिलिंडरमधला हेलियम वापरला तर दुलईला भोक पाडल्यासारखे होते. म्हणून वेगळ्या लहान बाटलीत हवा किंवा आरगॉन नेतात. पाण्यात शिरताना गाल आणि ओठ तेवढे उघडे असतात; पहिल्या मिनिटाला कपाळात आइस्क्रीम खाल्ल्यासारखी कळ येते, मग ओठ बधिर होतात आणि तोंडातली नळी आहे की नाही हे दातांनीच चाचपावे लागते.

यंत्रालाही थंडी बाधते. सिलिंडरमधला प्रचंड दाबाचा वायू रेग्युलेटरमध्ये पसरतो तेव्हा तो झपाट्याने गार होतो. पाणी आधीच चार अंशांचे असेल तर झडपेत बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि वायू धो धो वाहू लागतो. नऊपट दाबाखाली सिलिंडर किती लवकर रिकामा होईल याची कल्पना करा. त्यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र रेग्युलेटर, आणि बिघडलेल्याची तोटी पाठीमागे हात नेऊन बंद करण्याचा सराव. हा सराव जाड हातमोजे घालून, बधिर बोटांनी करावा लागतो.

इथवर थंडी त्रासदायक आहे, पण समजण्यासारखी. तिचा दुसरा चेहरा कळायला मात्र एका शतकाहून जास्त काळ लागला.

दाबाखाली नायट्रोजन आणि हेलियम फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून स्नायू, चरबी, सांधे यांत विरघळत जातात. दाब एकदम कमी झाला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे बुडबुडे येतात. सांधे ठणकतात, अंगावर चट्टे उठतात. मज्जारज्जूत बुडबुडे अडकले तर पाय लुळे पडतात. हाच 'बेंड्स' नावाचा विकार. पूल बांधताना नदीखालच्या दाबाच्या खोल्यांत काम करणारे मजूर एकोणिसाव्या शतकात त्याने पटापट आजारी पडत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यानेच अधू झाला.

तोडगा काढला तो स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून त्यांनी किती वेगाने दाब उतरवता येतो हे तपासले. मग 1906 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ रॉयल नेव्हीचे पाणबुडे त्यांच्या तक्त्यानुसार 64 मीटरपर्यंत जाऊन सुखरूप परतले. 1908 साली हे तक्ते प्रसिद्ध झाले. सांगणे सोपे होते: सरळ वर येऊ नका. टप्प्याटप्प्यावर थांबा, साठलेला वायू श्वासावाटे बाहेर जाऊ द्या. आजचे संगणकी हिशेब कितीही पुढे गेले असले तरी मुळाशी हीच कल्पना आहे.

त्यांच्या मुलाचे आपल्याशी नाते आहे. जे. बी. एस. हाल्डेन 1957 साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांची ओळख आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून आहे. पण 1939 मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी उथळ समुद्रात बुडून 99 माणसे गेली, त्यानंतर त्यांनी लंडनमधल्या पोलादी दाबकक्षात स्वतःवरच प्रयोग सुरू केले. दाब, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, आणि बर्फाच्या पाण्यात बसून थंडी. त्यांच्या पत्नी हेलन स्पर्वे यांनीही स्वतःला या प्रयोगांत झोकून दिले होते. ऑक्सिजनमुळे आलेल्या एका झटक्यात हाल्डेन यांच्या मणक्यांना इजा झाली, ती पुढे कायम राहिली. कानाच्या पडद्याला भोक पडले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, आता कानातून सिगारेटचा धूर सोडून दाखवता येतो. अशा माणसांच्या अंगावर उमटलेल्या खुणांवर आजचे सुरक्षित आकडे उभे आहेत.

थंडीचा तिढा यात कुठे येतो? वायू शरीरात येतो आणि जातो तो रक्तावाटे. अंग उबदार असेल तर कातडी, स्नायू, हातपाय यांत रक्त भरपूर खेळते आणि तिथे वायूही भरपूर पोचतो. अंग गारठले की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडते. पाणबुड्याच्या बाबतीत हे नेमके उलट्या क्रमाने घडते. तो खाली जातो तेव्हा ताजातवाना, ऊबदार असतो, पोहत असतो, काम करत असतो. वायू झपाट्याने आत भरतो. वर येताना तो तासभर नुसता दोरीला धरून लटकतो, हालचाल नाही, गारठलेला. रक्तवाहिन्या आखडलेल्या. आत शिरलेला वायू बाहेर पडायला वाटच उरत नाही.

अमेरिकी नौदलाने ही गोष्ट 2007 च्या सुमारास प्रयोगाने दाखवली. पाण्याने भरलेल्या दाबकक्षात स्वयंसेवकांना 37 मीटरएवढ्या दाबाखाली नेले. काहींना तळाशी 36 अंशांचे ऊबदार पाणी आणि वर येताना 27 अंशांचे थंड पाणी. काहींना त्याच्या उलट. वर येण्याचा वेळ सारखाच. तळाशी ऊब आणि परतीला थंडी मिळाली, तेव्हा तळाशी फक्त अर्धा तास काढूनही 22 टक्के फेऱ्यांमध्ये बेंड्स झाला. उलट क्रमात तळाशी 70 मिनिटे काढूनही प्रमाण 1.3 टक्के राहिले. आणि लक्षात घ्या, इथले 'थंड' पाणी 27 अंशांचे होते, आपल्या कोकणच्या समुद्रासारखे. लेक सुपीरियरच्या चार अंशांचा प्रयोग कोणी करायला धजावणारही नाही.

यातून एक विचित्र व्यवहारी प्रश्न उभा राहतो. आजकाल पाणबुडे बॅटरीवर चालणारी गरम जाकिटे घालतात. साहजिकच खाली उतरताच बटण दाबावेसे वाटते. पण बॅटरी तळाशीच संपली तर? म्हणजे वायू भरताना ऊब आणि काढताना गारठा. नौदलाच्या प्रयोगातली सर्वांत वाईट स्थिती आपण पैसे मोजून विकत घेतली. म्हणून जाणकार सांगतात, खाली थोडी थंडी सोसा आणि ऊब परतीसाठी राखून ठेवा. हे ऐकायला सोपे आहे. 80 मीटरवर दात वाजत असताना हाताशी असलेले बटण न दाबणे किती कठीण असेल, ते मी घरी उबेत बसून लिहितो आहे म्हणून सहज लिहू शकतो.

कॅमलूप्सवर वीस मिनिटे काढायची तर परतीला तासाहून अधिक, कधी दीड तास लागतो. 21 मीटरवर पोचल्यावर जास्त ऑक्सिजनचे मिश्रण, शेवटी सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. ऑगस्टमध्ये नशीब असेल तर या शेवटच्या थरात पाणी जरा कोमट लागते. नसेल तर नाही. या तासाभरात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. पाण्याच्या दाबाने आणि थंडीने हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, शरीराला वाटते पाणी जास्त झाले, आणि मूत्रपिंडे कामाला लागतात. लघवीची तीव्र घाई होते. ती टाळायला म्हणून पुष्कळ जण आधी पाणीच पीत नाहीत, रक्त दाट होते आणि बेंड्सचा धोका वाढतो. अनुभवी पाणबुडे निमूटपणे मोठ्यांचे डायपर वापरतात किंवा सूटला नळी बसवून घेतात, आणि पाणी पितात.

छातीत जमलेल्या याच जास्तीच्या रक्तामुळे काहींच्या फुप्फुसांत पाणी उतरते. पोहता पोहता अकारण धाप लागणे, खोकला, गुलाबी फेस ही त्याची लक्षणे. उच्च रक्तदाब असलेल्यांना हा धोका अधिक, आणि थंड पाण्यात आणखी अधिक. दुसरी एक जन्मजात गोष्ट: जवळजवळ चारपैकी एका प्रौढाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले गर्भावस्थेतले छिद्र पूर्ण मिटलेले नसते. रोजच्या जगण्यात त्याचा पत्ताही लागत नाही. पण शिरांतले बुडबुडे फुप्फुसांत गाळले न जाता या वाटेने थेट मेंदूकडे जाऊ शकतात. म्हणून वारंवार किंवा अकारण बेंड्स होणाऱ्यांना हृदयाची सोनोग्राफी करायला सांगतात.

आपल्यापैकी बहुतेकांना 80 मीटरवर जायचे नाही. पण मालवण, गोवा, अंदमान इथे सुटीत डुबकी मारून संध्याकाळचे विमान पकडणारे बरेच असतात. विमानात दाब कमी असतो आणि अंगात उरलेला वायू तिथे बुडबुडे धरू शकतो. एकच साधी डुबकी असेल तर किमान 12 तास, अनेक डुबक्या किंवा अनेक दिवस असतील तर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा, असा प्रचलित सल्ला आहे. सर्दी असेल तर पाण्यात उतरू नये, वर येताना श्वास कधीही रोखू नये, आणि दमा, रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असल्यास फॉर्मवर खोटी खूण न करता डॉक्टरांना विचारावे. बाहेर आल्यावर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा वाटला, तर झोपून बरे होईल म्हणून थांबू नये. उपचार म्हणजे ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्ष. उशीर झाला तर गुण कमी येतो.

आयल रॉयलवर दाबकक्ष नाही. बेटावर मोटारीचा रस्तादेखील नाही; ते राष्ट्रीय उद्यान आहे, हिवाळ्यात बंद असते आणि तिथे लांडगे आणि मूस हरणे यांचा 1958 पासून अभ्यास चालू आहे. मुख्य भूमीवर न्यायचे तर तासन्‌तासांचा बोटीचा प्रवास. त्यामुळे इथे येणारे गट माणसे, सिलिंडर, ऑक्सिजन यांचा हिशेब दुप्पट धरून येतात आणि उद्यानाच्या कचेरीत नोंद करून मगच पाण्यात उतरतात. तरीही या जहाजावर जीव गेलेले आहेत.

आणि वर आल्यावरही काम संपत नाही. बोटीच्या शिडीवर पाणबुड्याने स्वतः सिलिंडर उचलायचे नसतात. सोबती ते काढून घेतात, कारण जोर लावला की बुडबुडे वाढतात. केबिनमध्ये गरम पाण्याचा शॉवर चालू असतो आणि माणूस काकडत असतो, पण तिथेही लगेच जायचे नसते. कातडी एकदम तापली की तिच्यात विरघळलेला वायू बाहेर पडू पाहतो. म्हणून आधी कोरडे कपडे, टोपी, ब्लँकेट आणि थर्मासमधला चहा. कप दोन्ही हातांत धरायचा, कारण एका हाताच्या बोटांना अजून तो पकडता येत नाही. समोर, हाकेच्या अंतरावर, ज्या खडकाळ टोकाला आता कॅमलूप्सचेच नाव आहे, तो किनारा दिसत असतो.